सध्यापुरतं

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. गहू कोठारात गेला.
कॅनोराच्या उत्तरेला आमचं शेड,
शेडात अठ्ठावन सालचा धान्याचा ट्रक,
आमच्या घरच्या माणसांसारखाच
दुखणं अंगावर काढणारा.

रोज सकाळी रेडिएटर पेलाभर रिता.
खाली जमिनीवर मात्र थेंब नाही.
कुठंतरी पाणी मुरतंय, म्हटलं,
आणि पाठीवर झोपून टॉर्च लावली:
एक्झॉस्टच्या खाली, ब्लॉकच्या कुशीत
तांबूस ओघळ, सुकलेला,
लहान मुलाच्या नाकाखाली असतो तसा.

शेजारचा बोहदान डोकावला. त्याला सगळं ठाऊक असतं.
"पाणी गोठलं की या चकत्या आपणहून उडतात,
ब्लॉक वाचतो. म्हणून तर नाव फ्रीझ प्लग."
मी मान डोलावली. थंडीत वाद घालत कोण उभं राहतं?
हॅमिल्टनच्या ओतशाळेत जन्म घालवलेला मेथोडी काका
वेगळं सांगायचा: ही भोकं वाळूची.
लोखंड ओतताना पोटात वाळूचा गाभा असतो,
लोखंड निवलं की वाळूला बाहेर यायला वाट हवी.
वाट राहते. मग तिला झाकण.
बाकी उडणं, वाचवणं, जमलं तर जमलं.

कूलंट आधीच काढून घेतलं होतं.
स्क्रूड्रायव्हर टेकवला. नुसता टेकवला.
आरपार गेला, पापडात जावा तसा,
आणि उरलंसुरलं हिरवं पाणी कोपरापर्यंत बाहीत.
बाहेरून रंग शाबूत होता.
गंज आतून खात आला होता.

दुसऱ्याच्या एका कडेवर पंच ठेवून टोला:
चकती फिरते, झोपेत कूस बदलावी तशी,
मग पक्कड. आत पडू द्यायची नाही,
पडली की जन्माची खुळखुळ.
भोकामागचा गाळ चमच्यानं काढला,
स्वयंपाकघरातल्या. तो चमचा परत गेला नाही.

तिसऱ्या भोकात चकतीच नव्हती.
रबराचं बूच, मधोमध बोल्ट;
आवळला की रबर फुगतं, भोक धरून बसतं.
बाबांचं काम. त्र्याण्णवचा जानेवारी, उणे एक्केचाळीस,
मी कंदील धरलेला, बोटं माझी नव्हतीच.
"सध्यापुरतं," ते म्हणाले होते, "वसंतात नीट बसवू."
बाबांना त्यानंतर सहा वसंत मिळाले.
बुचाला बरेच जास्त.

रबराचा दगड झालेला. भेगा.
पण कोरडं, ओठ मिटून बसलेलं.
राहू द्यावं, असं वाटलं.
डिसेंबर कुणाची भीड धरत नाही.
काढलं.

कडा पॉलिश पेपरनं घासल्या, बोटानं चाचपल्या,
सीलंटचं कडं फिरवलं,
नवी पितळी वाटी, तिच्या पोटात मावेल असा सॉकेट,
आणि टोले. आधी आवाज बोदा येतो,
वाटी सरळ बसली की ठणठणीत. कानाला कळतं.
एक वाकडी गेली. युक्रेनियनमधून शिवी दिली, बाबांचीच,
आणि दुसरी घेतली.

इंजिन तापू दिलं. प्रत्येकीखालून फडकं फिरवलं.
कोरडंच आलं.
चौथी इंजिनाच्या पाठीशी, गिअरबॉक्सच्या आड.
ती पाहायची तर अर्धा ट्रक उतरवावा लागेल.
"आणि ती?" बोहदाननं विचारलं.
मी बाहेर आभाळाकडं पाहिलं. हात पुसले.

रबर टाकून दिलं. बोल्ट चांगला होता;
कोठाराच्या दाराची कडी लोंबत होती, तिला लावला.
वसंतात नीट खिट्टी करून घेऊ.