पान दोन

पुस्तक तयार आहे. एकशे बारा पानं.
उघाडी, खाजण, बांध, भांगेची भरती,
मिठाच्या कामातले चारशे सहा शब्द.
फक्त पान दोन अडलंय.

घणसोलीच्या वाचनालयात खुर्च्या नऊ, आम्ही चौदा.
फळ्यावर खडूनं काढलेलं एक वर्तुळ,
वर्तुळात इंग्रजी सी,
आणि पुढे काय लिहायचं ते ठरेना.

निमिष भोपी म्हणाला, सर्व हक्क राखीव.
सगळे तेच छापतात.
भिंतीला टेकून उभे जनार्दन वैती हसले :
हक्क हा शब्द आमच्या घरात
नोटिशीतून आला होता.
आणि खाली माझं नाव संपादक म्हणून नको.
संपादन झालं की इथं जमीन जाते.

मी संपादक खोडलं.
लिहिलं : जुळवाजुळव.
निवेदिता म्हणाली, लग्न ठरवतोय का आपण?
तेही खोडलं.

मूळ वही मढवी गुरुजींची.
साल शहात्तर, सायक्लोस्टाइल, प्रती साठ,
परीक्षेच्या उरलेल्या पाठकोऱ्या कागदांवर.
उलटून बघाल तर मागे तिसरीचा भूगोल.
हक्काबिक्काचा उल्लेख नाही.
शेवटी एकच वाक्य :
चूक आढळल्यास ती माझी समजावी.

त्र्याण्णवला मंडळानं तीच वही पुन्हा छापली.
अध्यक्षांचा फोटो घातला,
अकरा शब्द शिव्या म्हणून गाळले,
आणि ज्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं
त्यांनी लिहिलं : सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन.
मंडळ आता नाही.
त्या गाळ्यात मोबाईलच्या काचा बदलून मिळतात.

शिव्या आम्ही परत घेतल्या आहेत.

परवानगी मागायला कोपरखैरण्याला गेलो.
गुरुजींची मुलगी, द्वारकाबाई, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
हात पदराला पुसून तिनं वही घेतली,
बराच वेळ एकाच पानावर थांबली.
अक्षर बाबांचं, म्हणाली. बोलणं आयेचं हाय.
ती आगरावरनं यायची, टाचा फुटलेल्या,
खोबरेल लावत बसायची नि सांगायची.
बाबा विचारायचे, हलू बोल, हलू बोल, शाई वाळूदे.

नाव?
गोमी.
सालं कोणती, साधारण?
तिला कुठलं साल. मीठ पिकलं की मोजायची.

परत आलो तर फळ्यावर नवा वाद :
शहात्तर ते चोवीस, मधे आडवी रेघ द्यायची
की तिन्ही सालांत स्वल्पविराम?
आडवी रेघ म्हणजे बांध.
जणू अठ्ठेचाळीस वर्षं पाणी कुठंच फुटलं नाही,
वही ट्रंकेत नव्हती,
वाळवीनं कोपरा खाल्ला नव्हता.
स्वल्पविराम म्हणजे उघाडी.
भरती आली की फळी वर,
नाहीतर बंद.
वैती म्हणाले, स्वल्पविराम द्या, खरं तेच आहे.
कुणी हात वर केले नाहीत, पण झालं.

रात्री अकराला मी टाइप केलं :

सांगितलं गोमी मढवी हिनं, साल माहीत नाही.
लिहून घेतलं हिराजी मढवी यांनी, १९७६.
काही शब्द गाळून छापलं मंडळानं, १९९३.
गाळलेलं परत घातलं, नव्वद नवे शब्द मिळवले
चौदा जणांनी, २०२४. नावं शेवटच्या पानावर.
यापुढे कुणीही घ्या, वाढवा, दुरुस्त करा.
फक्त वरची एकही ओळ काढू नका,
खाली आपली जोडा.
चूक आढळल्यास

इथं थांबलो. गुरुजींचं वाक्य
उसनं घ्यायचं तर
चूकही वाटून घ्यावी लागेल.
आमची समजावी, लिहिलं.

सकाळी राबाड्याच्या छापखान्यातून फोन.
काका, पान दोन लई लांब झालंय,
लोक एका ओळीत उरकतात.
बसत नाही.
म्हटलं, अक्षर बारीक कर.
सगळं?
पहिली ओळ सोडून.