सौदाजी

डावा कान गेला, उजवा निम्मा उरलाय.
अक्कलकोट रोडला एकतीस वर्षं माग चालवले,
त्याचा हिशेब कानांनी चुकता केला.
म्हणून भाचा गाणं लावतो तेव्हा मी ते बघतो.

जुनं रेकॉर्डिंग आहे मामा, ब्राझीलचं, म्हणतो मल्लिनाथ.
मोबाइलवर एक म्हातारी, स्टुलावर बसलेली,
शेजारी गिटारवाला, मान खाली घातलेला.
ती ओरडत नाही, हात उडवत नाही,
शेवटची भाकरी उतरवताना बाई तव्याशी बोलते
तेवढंच तोंड उघडते.

कारखान्यात आम्ही सगळे ओठ वाचायचो.
पन्नास मागांच्या खडखडाटात
कांडी संपली, मुकादम आला, चहा,
सगळं बिनआवाजाचं.
तिचं तेलुगू, माझं कानडीमिश्रित मराठी.
आवाज नसला की भाषा अर्ध्या वाटेत भेटतात.

राजमणी टॉवेलचे काठ शिवायची, खिडकीपाशी.
कोपऱ्यावर आली की तीन टाके उलटे मारायची.
दोन पुरे, दोरा फुकट जातो, म्हणायचा सुपरवायझर.
ती तीनच मारायची.

म्हातारीचे ओठ पुन्हा पुन्हा एकाच शब्दावर येतात.
मी वाचतो : सौदा.
मग जी.
म्हटलं, बरोबर आहे, कुठल्या देशात होत नाही?
राजमणीचा सुरतला झाला, एका रविवारी,
दोन तोळे आणि एक दुकानाचा गाळा.

मल्लिनाथ हसतो. सौदा नाही हो मामा.
गेलेल्याची आठवण, पण दुखणारी,
आणि दुखली तरी हवीशी.
म्हणे हा शब्द फक्त त्यांच्याकडंच आहे.

असं कसं?
शेवटच्या पगाराच्या दिवशी, मशीन चालू ठेवून
तिनं मान वर केली आणि नुसत्या ओठांनी म्हटलं :
बेंग पेट्टुकोकु.
ते करू नको म्हणाली, एवढं कळलं.
बेंग म्हणजे काय ते कुणाला विचारलं नाही.
चौतीस वर्षं वापरतोय.

तेव्हा आमचा माल सांतोस बंदराला जायचा.
खोक्यांवर निळ्या शाईनं ते नाव मी छापायचो,
ओव्हरटाइमचे आठ रुपये मिळायचे.

गाणं संपतं. म्हातारी मांडीवरचा पांढरा टॉवेल उचलते,
गळा पुसते.
थांबव, म्हटलं.
मोठं कर. तो कोपरा.
मल्लिनाथनं दोन बोटांनी कोपरा ताणला,
ताणत गेला तसा टॉवेल विरत गेला,
नुसते चौकोन, पांढरे, करडे.
काय शोधताय मामा?
टाके.
दोन की तीन, काही दिसेना.

मग तो उठला, दाराकडं बघून काहीतरी बोलला.
मी त्याच्या ओठांवर वाचलं :
नळ आलाय, चार दिवसांनी,
घागरी लावा.