साडेसात फुटांचा पलंग

सळईवाल्या शेठनं बास्केटबॉलची टीम काढली त्या साली
निरोप आला : एक पलंग, साडेसात फूट.
मी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक असंल.
मग तो स्वतःच आला, दुकानाच्या चौकटीला कपाळ आपटून.
टेप आपोआप हातात आली माझ्या.

सहा फूट अकरा.
नाव रिमविदास, देश लिथुआनिया.
कादराबादेत कुणाच्या जिभेवर बसंना ते,
दोन दिवसांत त्याचा रामदास झाला.
तोही हाक मारली की वळायचा.

मी रंधा मारायचो. तो फळ्यांच्या थप्पीवर,
गुडघे पार छातीशी. डाव्यावर दोन शिवणी,
एक जुनी, दुसरी तिच्यावरून गेलेली.
मधे इद्रिस, टीमचा मॅनेजर,
अर्धं त्याचं सांगायचा, अर्धं मनचं :

बापानं गोठ्याच्या दारावर बादलीची कडी ठोकलेली,
बर्फ लोटून खेळायचा.
सोळाव्या वर्षी शहरात, हॉस्टेलचा लोखंडी पलंग,
पाय गजांतून बाहेर.
पोलंडात दोन गाद्या जमिनीवर जोडून.
बरे दिवस. एका रात्री एकतीस गुण, पेपरात फोटो.
ग्रीसमध्ये पायथ्याला खुर्ची.
पाच महिने पगार नाही,
मग घरमालकानं खुर्ची पण नेली.
कझाकस्तानात गुडघा गेला तेव्हा
दवाखान्यातल्या खाटेचं फळकूट उपटावं लागलं.

देशाच्या टीमचं बोलावणं एकदाच आलं.
हे इद्रिसनं नाही सांगितलं.
त्यानंच बोटं दाखवली : दहा, मग दोन,
मग आणखी एक,
आणि ते दुमडून घेतलं.

सागवान शेठला परवडत नव्हतं.
खूर बाभळीचे केले, बाकी लिंब.
एका ओंडक्यावर डिंकाचा खडा होता,
तो त्यानं नखानं काढला, उजेडाला धरला,
चहा गार होईस्तोवर बघत बसला.
त्यांच्याकडं म्हणे असा डिंक समुद्रातून निघतो,
दगड झालेला.
मी म्हटलं, आमच्याकडं बाळंतिणीला देतात.
इद्रिसला ते इंग्रजीत जमलं नाही.

पलंग पोचवला त्याच्या दुसऱ्या दिवशी
सकाळी सातला दुकानापुढं उभा.
बोलला काहीच नाही.
भुशातच आडवा झाला, पाय लांब केले,
टाचा जुळवल्या, डोळे मिटले,
आणि लेकरासारखा हसला.
सतरा वर्षं, नऊ गावं, इद्रिस म्हणाला.
मला हिशोब लागला नव्हता तोवर.

मॅच मी एकच पाहिली.
उडी म्हणजे पायाखालून वर्तमानपत्र सरकवावं एवढीच.
नांदेडची पोरं पळून पळून घामाघूम,
हा मात्र बॉल जिथं येणार तिथं आधीच उभा.
मनगट वळायचं,
रंध्याच्या शेवटच्या हातासारखं,
जोर नाही, आवाज नाही,
आणि जाळी नुसती हलायची.

पाचव्या आठवड्यात शेठचं मन उडालं.
माझे बत्तीसशे राहिले.
त्याचे किती, विचारलं नाही मी,
बुडवणारा एकच होता.
देवगिरीत बसवून इद्रिस परत आला,
म्हणाला, पाय बाहेर आले पार वाटेत,
येणारा जाणारा ठेचाळत होता,
आणि तो प्रत्येकाला सॉरी म्हणत होता.

पैशाच्या बदल्यात पलंग माझ्याकडंच आला.
बायको म्हणते, दीड फूट काप, उद्या गिऱ्हाईक येईल.
पेन्सिलीची रेघ मारून ठेवलीय,
करवतही दोनदा लावून पाहिली.

दुपारी मीच पडतो त्यावर. पाच फूट तीन.
पायथ्याला उरलेल्या जागेत
तिनं मिरच्या वाळत घातल्यात.
जपून झोपावं लागतं,
पाय आखडून.