हातचा एक

कुताइसीच्या इस्पितळात, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी
मकवालाची प्रयोगशाळा. एक खिडकी, एक सूक्ष्मदर्शक,
गोंदाची बाटली, नखं कापायची वाकडी कात्री.
रोज सकाळी ती फोटो कापते.
दुभंगायच्या बेतात असतानाच थोपवलेली पेशी,
फुगवलेली, रंगवलेली,
आणि आत गुणसूत्रं, सांडलेल्या काड्यांसारखी.
काड्या नव्हेत. दोरीवरून ओढून टोपलीत टाकलेले मोजे.
मकवाला जोड्या लावते.
लांब आधी, आखूड शेवटी,
पट्ट्याला पट्टा जुळला की गोंद.
तेवीस जोड्या झाल्या की चहा.

आज चहा गार झाला.
एकविसाव्या घराशी एक उरलाय,
नखाच्या कातरणीएवढा.
ती दुसरी पेशी मोजते. तिसरी. तिसावी.
शाळेत बेरीज चुकली की पाटी पुसून
आठवत बसायचो, हातचा कुठे ठेवला होता,
तशी.
सत्तेचाळीस. परत सत्तेचाळीस.
हातचा एक,
आणि तो मिळवायला पुढे रकाना नाही.

बाहेर बाकावर त्सिउरी, वय एकेचाळीस.
मांडीवर गोचा, पाच महिन्यांचा, जीभ जराशी बाहेर,
झोपेत काही चाखून बघत असल्यासारखा.
"चौथ्या महिन्यात मी द्राक्षांच्या टोपल्या उचलल्या.
सासू म्हणते, त्यानंच."

"टोपल्यांच्या फार आधीची गोष्ट आहे," मकवाला म्हणते.
"तू तुझ्या आईच्या पोटात होतीस
तेव्हाच तुझी बीजं वाटणीला बसली,
आणि वाटणी अर्ध्यावर थांबली.
जोडीदार हातात हात धरून उभे.
तुझे दुधाचे दात पडले, शाळा झाली, लग्न झालं,
ते उभेच.
मग एका महिन्यात हाक आली, चला, दोन दिशांना.
तर्कूचे धागे ओढायला लागले.
इतक्या वर्षांनी कुणाचे हात आधीच ढिले झालेले असतात,
कुणाला सोडवतच नाहीत.
दोघं एकाच बाजूला गेले.
एवढंच."

एवढंच म्हणताना तिची नजर खणाकडे जाते.
तिथे पावत्यांखाली एक कागद आहे, नाव नसलेला.
सोळाव्या घरात तीन.
सोळाव्यातला तिसरा जन्मापर्यंत पोचू देत नाही.
अकरा आठवडे.
तिनंच कापला, तिनंच चिकटवला,
त्या दिवशी कात्री पुसून ठेवली होती
एवढं आठवतं.

"बघू," त्सिउरी म्हणते.
मकवाला कागद तिच्याकडे फिरवते.
बोट रांगांवरून सरकत सरकत
एकविसाव्या घरात थांबतं.
"यातला जादा कुठला?"

मकवाला वाकते. चष्मा कपाळावर चढवते, परत उतरवते.
तिघं शेजारी शेजारी, एकाच उंचीचे,
भिंतीला टेकून फोटोसाठी उभे राहिल्यासारखे.
अठरा वर्षं ती हे काम करतेय.
"सांगता येत नाही."

गोचा जागा झालाय.
त्यानं कागदाचं टोक धरलंय,
सोडत नाही.