पुठ्ठ्याचं गाव

चर्चच्या हॉलमध्ये टेबलावर मांडलंय
आमचं उद्याचं गाव, पुठ्ठ्याचं.
खाली सुपरमार्केट, वर सहा मजले फ्लॅट,
स्पंजची झाडं.
माझं घर शोधलं. सापडलं:
राखाडी ठोकळा, खिडक्याच नाहीत.

टायवाला पोरगा म्हणाला,
"सावली फक्त हिवाळ्यात, मिसेस ऑल्ड्रॉइड,
दुपारी दोननंतर."
अहो, यॉर्कशायरात हिवाळ्याचं ऊन
येतं तेच मुळी जेवणं उरकल्यावर!

हरकतीचा अर्ज घेतला. नाव लिहिलं,
पुढं पेन हलेना.
पावासाठी मी दोन बस बदलते.
लेक लिंडसी, चाळिशी उलटली तरी
मैत्रिणीच्या सोफ्यावर निजते.

अर्ज घडी घालून पर्समध्ये टाकला.
निघताना स्पंजचं एक झाड उचलून
माझ्या ठोकळ्याच्या दाराशी ठेवलं.
उभं राहीना;
टेकवलं.