सर्जरी

इथे खासदाराच्या भेटीलाही सर्जरीच म्हणतात.
शनिवारी दहा ते बारा, केटरिंगच्या वाचनालयात,
मुलांच्या पुस्तकांमागच्या खोलीत.
भूल नाही, टाके नाहीत.
एक टेबल, तीन खुर्च्या,
माणशी दहा मिनिटं.

माझ्या आधी एकाचे रस्त्यातले खड्डे,
मग मोरीनबाईंच्या भिंतीवरची बुरशी.
त्यांनी फोटो आणले होते.
माझ्याकडे हेरंबचा एकच,
त्यात तो स्वेटरच्या आत पोट ओढून उभा आहे.

काल रात्री भांडी विसळताना इंग्रजीतून सराव केला.
इंग्रजीत सगळं म्हणता येतं, शौच, रक्त, गुदद्वार,
जणू दुसऱ्याच कुणाचं शरीर.
मराठीत जीभ अडते.
आमच्यात सगळं पोटात ठेवायची रीत.
अपमान पोटात, दुसऱ्याची चूकही पोटात घालायची,
आणि माया? तीसुद्धा आतड्याचीच.
आतडं तुटतं, म्हणतो आम्ही.
खरंच तुटायला लागलं
तेव्हा हेरंब म्हणाला, "मूळव्याध असेल. इसबगोल घेतो."

डॉक्टरही तेच म्हणाले. वय शेहेचाळीस, या वयात नसतं.
तिसऱ्या खेपेला चिठ्ठी मिळाली,
तारीख मिळाली एकशे बारा दिवसांनंतरची.
मी मोजलेत, कॅलेंडरवर,
दुधाचे खाडे मांडावेत तसे.

बाई, मी रडायला नाही आले.
(तिने टिशूचा डबा सरकवला. मी परत सरकवला.)
हिशेब घेऊन आलेय.
इस्पितळात दुर्बिणीने तपासायच्या तीन खोल्या.
एकीला कुलूप. यंत्र आहे, नर्स नाही.
मी तिथल्या धुलाईत चादरी मोजते,
म्हणून ठाऊक:
तिसऱ्या खोलीची चादर
दोन वर्षांत एकदाही मळलेली नाही.

माझ्या पन्नाशीला टपालाने पाकीट आलं.
छोटी बाटली, खाचांची काडी,
पाच मिनिटांचं काम, तिकीटसुद्धा लावावं लागत नाही.
हेच त्याच्या पंचेचाळिशीला आलं असतं तर
नाही, हे वाक्य मी पूर्ण करणार नाही.
तुम्ही करा. तुमच्या त्या सभागृहात,
अर्थसंकल्पाच्या दिवशी, उभं राहून,
आतडं हा शब्द न गिळता.
वय खाली आणा. नर्सा शिकवायला पैसे द्या.
ते कुलूप काढा.

"मंत्र्यांना पत्र लिहीन," ती म्हणाली.
"नावाचं स्पेलिंग सांगता?"
मी एकेक अक्षर सांगितलं.
टिपणं घेणारा मुलगा लिहीत गेला,
मध्येच थांबला, पेन झटकलं, पुन्हा लिहू लागला.

जिन्यात तो मागून आला.
सत्तावीस-अठ्ठावीसचा, गळ्यात ओळखपत्र.
मला वाटलं, छत्री विसरले.
"किती दिवस," पायऱ्यांकडे बघत त्याने विचारलं,
"किती दिवस रक्त गेलं की..."

छत्री माझ्या हातातच होती.

"सोमवारी," मी म्हटलं. "दवाखान्याची लाइन आठला उघडते.
आठला दोन मिनिटं कमी असतानाच लाव.
मूळव्याध म्हणाले, तर मला कळव."
त्याच्या वहीत माझा नंबर लिहिला,
मोकळी जागा होती तिथे,
हेरंबच्या नावाखाली.