उणे तीन

डिसेंबरच्या नऊ तारखेला पहाटे हाइनोचा फोन :
"मारेत, समुद्र उकळतोय.
तुझी डबी सांगतेय. दोनशे त्रेपन्न अंश."
त्याच्यामागे कुत्रा शिंकत होता.
खिडकीबाहेर, हीउमाच्या किनाऱ्यावर,
लव्हाळ्यांनी पायाशी काच धरली होती.

डबी म्हणजे एक आर्म कॉम्प्युटर,
काडेपेटीच्या थोरल्या भावाएवढा,
बर्फाचा रस्ता जिथे समुद्रावर उतरतो
तिथे खांबाला टांगलेला.
रस्ता हाइनोचा. गेली एकोणीस वर्षं
गाड्या सोडायच्या की नाही, तो ठरवतो.
मी शाळेत भौतिकी शिकवते,
आणि गावात ज्याचं जे बिघडतं ते माझ्या टेबलावर येतं.

प्रोग्राम लिहिला ताल्लिनच्या कारेलने,
मोठ्या लॅपटॉपवर, उबदार ऑफिसात, जुलैमध्ये.
तिथे तो चालला.
त्या यंत्रावर अक्षराला शून्याच्या खाली उतरता येतं.
आर्मवर अक्षराला चिन्ह नसतं.
कुणी स्पष्ट सांगितल्याशिवाय त्याला उणं ठाऊकच नाही.
शून्याखाली पहिली पायरी उतरावी
आणि एकदम माळ्यावर निघावं,
तसं ते दोनशे पंचावन्नवर निघतं.
कंपायलर एका ओळीत कुरकुरला असणार.
कारेलने कुरकुर बंद करून ठेवली होती.

दुरुस्ती एका शब्दाची.
घोडं पेंड खाल्लं ते पुढे.

घरच्या मशीनवर बांधून पाठवलं,
डबी म्हणाली : बेकायदा सूचना,
आणि मिटली.
माझा नवा कंपायलर
तिच्या जन्मानंतरची भाषा बोलत होता.
मग लिनक्सची नवी आवृत्ती काढली.
यादी वरून खाली वाचली, परत खालून वर,
हजेरीत स्वतःच्या पोराचं नाव शोधावं तशी.
तिच्या प्रोसेसरची ओळ गेली होती.
कारण दिलं होतं, सभ्य शब्दांत :
वापरणारे थोडे, सांभाळणारे त्याहून थोडे.
चूक कुणाचीच नव्हती. राग मात्र आला.

माँटेव्हिडिओच्या अनीबालला लिहिलं.
जुन्या यादीत त्या ओळीसमोर त्याचं नाव होतं.
चार तासांत उत्तर :
"अजून बांधतो पॅकेजेस, घरच्या घरी.
यंत्र एकच उरलंय, फ्रिजच्या डोक्यावर असतं.
मिक्सर लावायचा तर बायको त्याचा प्लग काढते,
म्हणून गुरुवारची पॅकेजेस शुक्रवारी येतात.
हा घे कंपायलर. जुना आहे, पण तिला कळेल असं बोलतो.
तुमच्याकडे समुद्र खरंच गोठतो?"

डबी खांबावरून उतरवून स्वयंपाकघरात आणली.
मेमरी एवढीशी, की दोन फायली एकदम दिल्या
तर एकीचा जीव जातो.
तेव्हा एकावेळी एक.
मी मासे तळले, वह्या तपासल्या,
तीन मुलांनी घनतेची व्याख्या एकाच चुकीसह लिहिली होती.
डबी एका ओळीवर चाळीस मिनिटं बसली.
मी तिला हात लावून पाहिला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
काय होणार होतं हात लावून?
लिंकरपाशी एकदा मेली. स्वॅप वाढवलं. पुन्हा.

चार वाजून दहा मिनिटांनी काम संपलं.
ना घंटा, ना शाबासकी.
नुसता कर्सर, लुकलुकणारा.

सकाळी हाइनोने ती पुन्हा टांगली.
उणे तीन, म्हणाली.
त्याने चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं,
आणि गिरमिट घेऊन चालत गेला बर्फावर,
जसा डबीआधीही जायचा.
"अकरा सेंटीमीटर," तिथूनच ओरडला.
गाडीला बावीस लागतात.
गेल्या दोन हिवाळ्यांत बावीस झालेच नाहीत.

परतताना ट्रकमध्ये मी पट्टा लावला,
आणि त्याने सोडला.
बर्फावर पट्टा बांधायचा नसतो,
बुडताना दार उघडायला दोन्ही हात मोकळे हवेत.
आम्ही तर डांबरी रस्त्यावर होतो, दुकानासमोर.
मी बोलले नाही.
घरी जाऊन अनीबालला लिहायचं होतं :
हो, गोठतो. अजून.